घर विकायचंय? आधी बहिणींना बोलवा

सटाण्याचं घर विकायला काढायचं असं आमच्याकडे यंदा संक्रांतीला नक्की झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांना ऊत आला. रंग काढून घ्या. ओट्याच्या फरशा बदला. परसातलं शेवग्याचं झाड तोडा, जागा मोठी दिसेल. दुसऱ्याचं म्हणणं, शेवगा मुळीच तोडू नका, गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं तर शेवगा बघूनच घर पसंत पडेल. एकाने तर वास्तुशास्त्रवाल्याला आणून न्हाणीची दिशा तपासून घ्या असं सुचवलं. (न्हाणी साठ वर्षं आहे तिथेच आहे. आजवर तिने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.)

सल्ले देणारे सगळे आपलेच, चांगल्या मनाने देणारे. पण या काही महिन्यांत जे बघितलं त्यावरून माझं मत असं झालंय, की घर विकायच्या तयारीत रंग आणि फरशीचा नंबर अगदी शेवटी लागतो. पहिला नंबर बहिणींचा. ज्या मुली त्या घरात वाढल्या आणि लग्न होऊन गेल्या, त्या सगळ्यांना पहिल्या दिवशी बोलवा. एजंटच्याही आधी. आणि हे मी नुसतं माणुसकीपोटी म्हणत नाहीये, रोकडा व्यवहार म्हणूनही म्हणतेय.

नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेत याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून आधीच सांगते, काकांना विचारून लिहितेय. "लिही, पण माझी बाजू पण लिही," एवढंच ते म्हणाले. लिहिणार आहे.

आता थोडं विषयांतर. माझ्या अमेरिकेतल्या मावसबहिणीने मागे तिचं घर विकलं. तिकडे 'होम स्टेजिंग' नावाचा धंदाच आहे. पैसे घेऊन एक बाई येते, घरभर फिरते, तुमचा सोफा अडगळीत टाकायला लावते आणि भाड्याचा सोफा आणून ठेवते. तिने पहिल्यांदा काय उतरवायला सांगितलं असेल? घरातले सगळे फोटो. लग्नाचा, मुंजीचा, सासूसासऱ्यांचा, सगळे. देव्हारासुद्धा कपाटात. कारण घर बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नाही. बहीण फोनवर हसत हसत सांगत होती, पण शेवटी म्हणाली, "अगं, दोन महिने आम्ही आमच्याच घरात पाहुण्यासारखे राहिलो."

आपल्याकडे गंमत बरोबर उलटी आहे. तिकडे घर विकायचं तर माणसं लपवतात, इकडे घर विकायचं तर सगळी माणसं हजर करावी लागतात. गेलेल्यांचीसुद्धा, मृत्यूच्या दाखल्याच्या रूपात!

आमचंच उदाहरण घ्या. आजोबा शिक्षक. जागा त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली, घर हळूहळू बांधलं. ओटा, पडवी, माजघर, मागे न्हाणी आणि परस. वरती आधी सगळं धाबं होतं, म्हणजे लाकडी तुळया आणि त्यावर माती. पुढे काकांनी पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला. आजोबा 1987 साली गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांच्या मागे आजी, माझे वडील, काका आणि दोन आत्या. नंतर आजी गेली, त्यानंतर वडीलही गेले. काका आता मुलाकडे नाशिकला असतात. घर बंद. पावसाळ्यात मागचं धाबं गळतं. विकायचं ठरलं ते याच कारणाने, आणि ते बरोबरच ठरलं.

कागद काढायला घेतले तेव्हा कळलं की मिळकत पत्रिकेवर (आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते) अजून आजोबाच आहेत. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर मात्र काका, कारण इतकी वर्षं घरपट्टी त्यांनी भरली. पुष्कळ लोकांना वाटतं घरपट्टी ज्याच्या नावाने त्याचं घर. तसं नसतं. तो उतारा कर कोणाकडून वसूल करायचा हे सांगतो, मालक कोण हे ठरवत नाही. मालकीसाठी शहरात मिळकत पत्रिका बघतात, शेतीला सातबारा बघतात, आणि तोसुद्धा शेवटचा शब्द नाही. त्याच्या मागे कुठला दस्त आहे, कुठला फेरफार आहे, ते बघावं लागतं.

आसपासच्या खेड्यांत तर गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्याशिवाय काही नव्हतं. 2020 सालापासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली, ही फार चांगली गोष्ट. पण तिथेही माझं एकच सांगणं आहे, पत्रिका घरात आली की कुणाकुणाची नावं लागलीत ते वाचा. नुसती घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवू नका.

तर आजोबांचं नाव कमी करून वारसांची नावं लावायची. त्यासाठी मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस, हरकतीची मुदत, मग फेरफार. खरेदी घेणाऱ्याने कर्ज काढायचं ठरवलं तर बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो, पेपरात जाहीर नोटीस देतो, आणि एक जरी वारस सुटलेला दिसला तरी फाईल परत करतो. आमच्याकडे आलेलं पहिलं गिऱ्हाईक याच पायरीवर परत गेलं. घर त्यांना आवडलं होतं. तेही न रंगवलेलं, गळकं घर!

आमच्या गावाची एक गंमत सांगायलाच हवी. सटाणा हे बहुतेक महाराष्ट्रातलं एकमेव गाव असेल जिथे मामलेदाराचं देऊळ आहे. यशवंतराव महाराज, देवमामलेदार. 1870 च्या आसपासच्या दुष्काळात त्यांनी सरकारी तिजोरी लोकांसाठी उघडली, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. दरवर्षी मोठी यात्रा भरते, रथ निघतो. महसूल खात्याच्या माणसाला देव मानणारं हे गाव, पण वारस नोंद म्हटलं की आमची माणसं तीन-तीन पिढ्या चालढकल करतात. देवाला नवस बोलतील, पण अर्ज करणार नाहीत.

असो. मुद्द्यावर येते.

आजोबांची मिळकत स्वकष्टाची. हिंदू वारसा कायदा 1956 चा. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे आत्यांचा हक्क 1987 सालीच तयार होता. आजी गेल्यावर तिचाही वाटा चौघा मुलांकडे गेला. जुन्या भाषेत सांगायचं तर रुपयात काकांचे चार आणे, थोरल्या आत्याचे चार आणे, धाकट्या आत्याचे चार आणे, आणि माझ्या वडिलांचे चार आणे. वडिलांच्या चार आण्यांत आई, दादा, ताई आणि मी. म्हणजे मी या घराची एक आण्याची मालकीण! हे कळल्यावर मी दोन दिवस घरात उगाच रुबाबात फिरत होते.

पण गावात काय ऐकायला मिळालं माहितीये? "1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नसतो." हे वाक्य मी किमान पाच जणांकडून ऐकलं, त्यातले दोघे शिकलेसवरलेले. दोन्ही आत्यांची लग्नं 1994 च्या कितीतरी आधीची, त्यामुळे त्यांचा प्रश्नच येत नाही, असा एकूण सूर. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण अर्ध्या माहितीवर माणसं आयुष्यभराचे कागद करून टाकतात.

1994 साली महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली आणि वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखंच जन्मतः हक्कदार केलं. देशाच्या कायद्याच्या अकरा वर्षं आधी. अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण त्यात एक अट होती. ज्यांची लग्नं 22 जून 1994 च्या आधी झाली त्यांना ती दुरुस्ती लागू नव्हती. लोकांच्या डोक्यात बसली आहे ती ही अट. एक तर ती वडिलोपार्जित मिळकतीपुरती होती. आजोबांच्या स्वकष्टाच्या घराशी तिचा काही संबंध नव्हता, तिथे 1956 चाच नियम. आणि दुसरं म्हणजे, 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अटच नाही. मग वाद निघाला की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का. त्यावरही सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सांगून टाकलं, की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्रीचे व्यवहार उकरून काढता येणार नाहीत.

आता राहत्या घराबद्दल. जुन्या कायद्यात कलम 23 होतं. ते मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचलं. घरचीच माणसं राहत असलेल्या घरात मुलीला हिस्सा होता, पण भाऊ स्वतः वाटणी करेपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. आणि राहण्याचा हक्क? तो लग्न न झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या किंवा विधवा मुलीलाच. म्हणजे कायदासुद्धा म्हणत होता, तुझं आहे गं, पण मागू नकोस. 2005 साली हे कलम गेलं. कायद्यातून गेलं. घराघरातून अजून पुरतं गेलेलं नाही.

कारण बहिणींना आजही फोन जातो तो कसा? "काही नाही गं, फक्त एक सही करायची आहे. येऊन जा एका दिवसात. गाडीभाडं देऊ." कसली सही, कशावर, कोणाच्या नावाने, काही नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गर्दीत उभं राहून, फोटो काढून, अंगठे उठवून ती बाहेर येते. मग हॉटेलात जेवण. जाताना साडी. संध्याकाळच्या बसने सासरी परत. जो कागद झाला त्याला हक्कसोडपत्र म्हणतात हे कधीकधी तिला महिन्याभराने कळतं, कधी कळतच नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही हे तर कुणी सांगतच नाही.

हक्क सोडायला माझा विरोध नाही बरं का. पुष्कळ बहिणी समजून उमजून, आनंदाने सोडतात. भाऊ अडचणीत असतो, त्याची मुलं शिकत असतात. पण जी वस्तू माझी आहे हे मला माहीत आहे, तीच मला देता येते. माझी आहे हे लपवून माझ्याकडून काढून घेतली, तर ते देणं कसलं? साडी-चोळी बहिणीचा मान म्हणून असते. पावती म्हणून देऊ नये.

आमची धाकटी आत्या विधवा आहे, मालेगावला भाड्याच्या दोन खोल्यांत मुलाबरोबर राहते. तिला फोन गेला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "मी सही करसू, पन पह्यले वाची दखाड." (अहिराणी न कळणाऱ्यांसाठी: सही करीन, पण आधी वाचून दाखव.) हिस्सा हवा असं ती म्हणालीच नव्हती. तरी घरात गहजब. 'हिला कोण शिकवतंय' अशी चर्चा झाली, आणि संशयाची सुई माझ्याकडे वळली. (मी शिकवलेलं नव्हतं. पण वळली याचा आनंद झाला.)

यावर जे युक्तिवाद ऐकू येतात ते तुमच्याही घरात ऐकू येत असतील, म्हणून एकेक घेते.

पहिला, लग्नात खर्च केला ना! केला. मुलांच्या शिक्षणात केला, त्यांच्या लग्नात केला, एकाला दुकान टाकून दिलं. त्याचा हिशोब कधी हिश्श्यातून वजा होताना बघितलाय? आणि लग्नात जे दिलं ते बहुतेक वेळा मुलीच्या हातात राहिलेलंच नसतं.

दुसरा, तिला काय कमी आहे, सासरी सगळं आहे. मग चांगल्या नोकरीतल्या भावालाही कुणीतरी सांगा ना, तुला काय कमी आहे, तू सोड. सांगतं का कुणी?

तिसरा, हिस्सा मागितला की माहेर तुटतं. हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात धारदार. एरवी मी यावर गप्प बसते, कारण माहेर तुटणं काय असतं ते बाईलाच माहीत. पण इथे तर घरच विकायला काढलंय! ज्या ओट्यावर आत्या आखाजीला येऊन बसायची तो ओटा दुसऱ्याचा होणार आहे. माहेरची वास्तू आपणच विकायची आणि बहिणीला भीती घालायची की माहेर तुटेल, हे जरा अति होतं.

चौथा युक्तिवाद काकांचा, आणि तो खरा आहे. "तीस वर्षं घर मी सांभाळलं. आईचं आजारपण मी काढलं. स्लॅब मी टाकला. घरपट्टी मी भरली. तुम्ही सगळे दिवाळीला येऊन फराळ करून गेलात." यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझे वडील नोकरीसाठी बाहेर पडले आणि बाहेरच राहिले. मागे राहणाऱ्या भावावर काय काय पडतं ते बाहेरच्यांना कळत नाही. सारखी वाटणी म्हणजे न्याय झाला असं समजून मोकळं होणाऱ्यांपैकी मी नाही.

पण याचं उत्तर बहिणीचा हिस्सा गुपचूप काढून घेणं हे नाही. याचं उत्तर उघड हिशोब. काय खर्च केला ते मांडा, सगळ्यांनी मान्य करा, विक्रीच्या रकमेतून तो आधी वेगळा काढा, मग उरलेल्याची वाटणी करा. आणि मांडतच आहात तर हेही मांडा, की आजीचं आजारपण काढलं म्हणजे प्रत्यक्षात कुणी काढलं? काकूंनी. आजीला न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठणं, सगळं काकूंनी. त्यांचं नाव ना घरपट्टीवर, ना मिळकत पत्रिकेवर, ना वारसांच्या यादीत. सुनेने केलेल्याचा मोबदला नणंदांच्या हिश्श्यातून द्यायचा आणि तोही जमा करायचा मुलाच्या नावावर, अशी ही पद्धत आहे.

मला हे बोलणं सोपं आहे असंही समजू नका. माहेरी मी बहीण आहे, सासरी वहिनी. सासरी नणंदेचा हिस्सा निघाला की आमचा तेवढा कमी होतो, हे गणित मलाही येतं. बहुतेक बायका अशा दोन्ही बाजूंना उभ्या असतात. म्हणूनच नियम एकच पाहिजे. माहेरी एक आणि सासरी दुसरा, हे चालणार नाही.

आता आमच्याच गावच्या इतिहासातली एक गोष्ट. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं पहिलं अधिवेशन भरलं ते सटाण्याला, जानेवारी 1982 मध्ये. गावातले जुने लोक अजून त्या गर्दीबद्दल बोलतात. त्यानंतर नोव्हेंबर 1986 मध्ये आमच्याच जिल्ह्यात चांदवडला संघटनेने शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं, लाखाच्या हिशोबात बायका जमल्या. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. कोर्ट नाही, भांडण नाही. 1992 साली सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याबद्दल परिपत्रक काढलं. घामाला दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने घरातल्या बाईच्या घामाचं काय, हा प्रश्न स्वतःला विचारला होता. हा सगळा विचार शहरातून आलेला, टीव्हीवरून आलेला, असं जे म्हणतात त्यांनी हे जरूर आठवावं. आपल्याच कांद्याच्या आणि उसाच्या पट्ट्यात तो वाढला.

तरी नावांचं काय होतं बघा. माळा आवरताना आम्हाला दोन पोती भांडी सापडली. तांब्याचे हंडे, पितळेची पातेली, ताटं. जवळजवळ प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव, आणि बहुतेक नावं बायकांची. आजीचं, आजीच्या नणंदेचं, आत्यांचं, आईचं. घरात बायकांची नावं कोरलेली नव्हती असं नाही. भांड्यांवर होती, कागदावर नव्हती.

कागदावर आणायला गेलो तेव्हा आणखी एक भानगड. थोरल्या आत्याचं लग्नात नाव बदललं. तांदळात लिहिलेलं ते नवं नाव पुढे आधारकार्डावर आलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. म्हणजे वारसांच्या यादीतली मुलगी आणि समोर उभी असलेली पंचाहत्तरीची बाई एकच आहे, हे प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागलं. आत्या म्हणाली, "मीच मी आहे हे सांगायला शंभर कागद, आणि हक्क सोडायला एक सही!" ज्यांच्या घरात अजून म्हातारी माणसं आहेत त्यांनी लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, जुन्या शिधापत्रिका फेकू नका. घर विकायच्या तयारीतलं खरं सामान ते आहे.

आमचं पुढे काय झालं ते सांगते. आखाजीला सगळ्यांना सटाण्याला बोलावलं. एरवीही आमच्या भागात लेकी माहेरी येतात त्या आखाजीलाच. बंद घर उघडलं, झाडलं, पुरणपोळ्या आणि आमरस झाला, आणि दुपारी माजघरात सतरंजीवर सगळे बसले. भावाने कागद मोठ्याने वाचले. वाचून दाखवायचं हे धाकट्या आत्याचं म्हणणं होतं, तेवढं तरी पूर्ण झालं. काकांनी खर्चाची वही काढली. आजीचं औषधपाणी, स्लॅब, घरपट्टी. कुणीही त्यावर वाद घातला नाही, उलट थोरली आत्या म्हणाली, "तू कमीच लिहिलंय." तो आकडा आधी काकांना, मग उरलेल्याचे चार भाग, असं ठरलं.

मग थोरल्या आत्याने सांगितलं की ती तिचे चार आणे सोडतेय. काकांचा चेहरा जरा सैल झाला. पुढचं वाक्य आलं, "धाकटीच्या नावाने."

माजघरात किती वेळ शांतता होती ते सांगत नाही. हक्कसोडपत्र म्हणजे भावाच्याच नावाने, असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. कायद्यात तसं काही नाही. सहहिस्सेदार असलेल्या कुणाच्याही नावे करता येतं, तसं बहिणीच्याही. वकिलांनी ते केलंही. धाकटी आत्या आता आठ आण्यांची हिस्सेदार आहे आणि खरेदीखतावर विकणारी म्हणून तिची सही असेल, पैसे तिच्या खात्यात येतील. प्रत्येकाच्या वाट्याचा भांडवली नफा वेगळा मोजतात आणि कर ज्याच्या-त्याच्या नावावर लागतो. त्या पैशातून ठरलेल्या मुदतीत, म्हणजे दोन वर्षांत राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्या करात सूटही मिळते. ती मालेगावला छोटं घर बघतेय.

काका पूर्ण राजी नाहीत. त्यांची बाजू लिहीन म्हटलं होतं, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते, "कायद्याने बरोबर असेल. पण या घरात तीस वर्षं संध्याकाळचा दिवा मी लावला, त्याचे आणे किती धरलेत?" याला माझ्याकडे उत्तर नाही. देवाचे टाक त्यांच्याकडे गेलेत, आजीचा मोठा हंडा आम्ही काकूंना दिला. याने फिटत नाही, मला माहीत आहे. पण ते हे सतरंजीवर, सगळ्यांसमोर बोलू शकले आणि बहिणींनी ऐकून घेतलं. बहिणींना फोनवर गुंडाळून सह्या घेतल्या असत्या, तर हे बोलायला ते कुणासमोर बसले असते?

तर ज्यांच्याकडे गावाकडचं घर विकायचं चाललंय त्यांना माझं सांगणं थोडक्यात. मिळकत पत्रिका आधी काढा. आता ती महाभूमीच्या संकेतस्थळावरूनही डिजिटल सहीची मिळते. वारस नोंद राहिली असेल तर गिऱ्हाईक यायच्या आत करा, इसार घेतल्यावर धावाधाव नको. सातबाऱ्यावर बहिणींची नावं 'इतर हक्कात' ढकलली असतील तर ती का, हे विचारा. कुणी एकच आपला वाटा बाहेर विकत असेल तर आधी भावंडांना विचारा, कायद्याने पहिली पसंती त्यांची असते, आणि त्या भावंडांत बहीणही येते. आईवडील हयात असतील तर त्यांच्याशी मृत्युपत्राबद्दल बोला. अभद्र वगैरे काही नसतं त्यात.

आणि बायांनो, सही करायला जाल तेव्हा चष्मा बरोबर न्या. कागद वाचून घ्या, आणि वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय पेनाला हात लावू नका. मग द्यायचं तर सगळं देऊन टाका, ज्याला द्यावंसं वाटेल त्याला.

तुमच्याकडे काय झालं? लिहा. विशेषतः जे भाऊ मागे राहिले, ज्यांनी घर सांभाळलं, त्यांनी लिहा. ती बाजू मला अजून नीट समजून घ्यायची आहे.